साहेब जेवायला गेलेत

बँकेच्या नोकरीत पगार, रजा आणि पेन्शन मिळते, हे बाहेरच्यांनाही ठाऊक असतं. चौथी सवलत फक्त आतल्यांना माहीत असते. ती म्हणजे ‘साहेबांना विचारा’ हे वाक्य. मी कॅशियर होतो, आणि निवृत्त होईपर्यंत या वाक्यावर माझा संसार निर्धोक चालला. सही जुळत नाही? साहेबांना विचारा. पासबुकाचा प्रिंटर बंद? साहेबांना विचारा. व्याज कमी का पडलं, पंखा आवाज का करतो, समोरचा चहावाला कुठं गेला? साहेबांना विचारा. या वाक्यात नम्रता आहे, शिस्त आहे आणि आपण स्वतः कुठंच नाही. याहून सुरक्षित जागा नोकरीत दुसरी नसते.

प्रमोशन मिळालेल्या माणसाकडून सगळ्यात आधी हे वाक्य काढून घेतात. बदल्यात त्याला केबिन देतात, टॉवेल टाकलेली फिरती खुर्ची देतात, टेबलावरच्या काचेखाली गणपतीचा फोटो देतात आणि एक फोन देतात. फोनच्या दुसऱ्या टोकाला विभागीय कार्यालय असतं. कोणता शहाणा माणूस हा सौदा करील?

म्हणून प्रमोशनचं सर्क्युलर नोटीसबोर्डावर लागलं की आमच्याकडं घरोघरी आजारपणं सुरू व्हायची. कुणाच्या सासऱ्यांची अँजिओग्राफी निघायची, कुणाच्या बायकोची बदली निघायची. एका सहकाऱ्याचा मुलगा तर सलग चार वर्षं दहावीला होता. तो इंजिनियरिंगला लागल्याचे पेढे आले तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यानं बारावीही उरकली होती. माझ्यापुरते म्हणाल तर माझ्या आईचे गुडघे होते. त्या गुडघ्यांवर आई दोनदा पंढरपूरची वारी करून आली, पण सर्क्युलर आलं की ते हटकून दुखायचे.

शिवाय बदली. ऑफिसर झालं की बदली थेट गडचिरोलीला होणार, याविषयी आम्हा सांगलीकडच्या मंडळींची खात्री होती. तिथं आमच्या बँकेच्या शाखा किती, याची चौकशी कुणीच केली नव्हती. इथल्या प्रत्येक कारकुनाला पुरतील एवढ्या असाव्यात, असं धरून चाललं होतं.

आता एक गोष्ट निवृत्तीनंतर बोलायला हरकत नाही. गुडघे, दहावी आणि गडचिरोली ही सगळी चारचौघांत सांगायची कारणं. आतली भीती वेगळी असते. उद्या कुणीतरी केबिनचं दार ढकलून येईल, काहीतरी विचारील आणि आपल्याला ते येणार नाही. इतकी वर्षं काउंटरवर कमावलेलं हुशारीचं नाव एका दुपारीत जाईल. आपल्याला जे येतं ते खरं तर योगायोगानं येतं, हे सगळ्यांना कळेल.

या भीतीचा अमेरिकेत रीतसर अभ्यास झालाय. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७८ साली त्यावर निबंध लिहिला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावरून त्यांच्या लक्षात आलं की पदव्या, मान, हुद्दा सगळं असूनही या बायकांना आपण लोकांना फसवतोय असंच वाटत असतं. हे दुखणं पुरुषांनाही असतं, हे मागाहून पुढं आलं. पुरुषांनी ते सांगायला वेळ लावला, एवढंच. आमच्या विभागात पाहणी केली असती तर दीडशे माणसं एका दिवसात मिळाली असती. फक्त कर्तबगारीची अट जरा सैल करावी लागली असती.

प्रमोशन नाकारणाऱ्यांना आधार देणारंही एक पुस्तक आहे. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्याच वर्षी लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांचं ‘द पीटर प्रिन्सिपल’ बाहेर पडलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, असं मला वाटतं. आमच्या युनियनच्या एका जुन्या नेत्याला मात्र तो दाट असल्याचा संशय होता. पुस्तकाचं म्हणणं असं की चांगलं काम केलं की माणसाला वर चढवतात, तिथं चांगलं केलं की आणखी वर, आणि जे काम त्याला जमत नाही तिथं पोचला की तो तिथंच राहतो. आमच्यातल्या एकानं हे कुठंतरी वाचलं आणि त्या दिवसापासून आईवडिलांची दुखणी सांगणं बंद केलं. ‘मी माझ्या नालायकीच्या एक पायरी अलीकडं थांबलोय,’ असं तो अभिमानानं सांगायचा.

उलट्या बाजूची हकिकत तर आमच्याच धंद्यातली आहे. १९९५ मध्ये पिट्सबर्ग शहरात मॅकआर्थर व्हीलर नावाच्या इसमानं दिवसाउजेडी दोन बँका लुटल्या, त्याही तोंडाला काही न बांधता. तोंडाला त्यानं लिंबाचा रस चोळला होता. लिंबाच्या रसानं लिहिलेलं कागदावर दिसत नाही, तेव्हा रस लावलेलं तोंड कॅमेऱ्यात दिसणार नाही, हा त्याचा हिशोब. पोलिसांनी पकडल्यावर त्याला मनापासून आश्चर्य वाटलं. कॉर्नेल विद्यापीठाच्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मधला आपला गाजलेला निबंध याच गृहस्थांपासून सुरू केला. ज्याला एखादी गोष्ट येत नाही, त्याला ती येत नसल्याचंही कळत नाही, असा त्यांचा मुद्दा. मी नोकरीत चेहऱ्याला लिंबू चोळलेले साहेब बरेच पाहिले. प्रमोशनच्या मुलाखतीला तेच सगळ्यात आधी येऊन बसलेले असायचे.

या पार्श्वभूमीवर आमच्या बाईंची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण त्या हे वाचतील आणि ‘माझ्यावर लिहिण्यासारखं काय आहे हो?’ म्हणून फोन करतील. बाई ऑफिसर झाल्या त्याच मुळी मैत्रिणीला सोबत म्हणून. मैत्रीण परीक्षेला एकटी जायला घाबरत होती. सोबत म्हणून बाईंनी फॉर्म भरला, सोबत म्हणून गेल्या आणि नुसतं काय बसायचं म्हणून पेपर लिहिला. बाई पास झाल्या, मैत्रीण राहिली. पुढं कित्येक वर्षं बाई तिची माफी मागत होत्या.

ऑफिसर म्हणून त्या आमच्या तालुक्याच्या शाखेत आल्या. मॅनेजर होतेच, त्यामुळं ‘साहेबांना विचारते’ म्हणायची सोय शाबूत होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅनेजरसाहेबांची अचानक बदली झाली आणि वरून फोन आला की नवीन माणूस येईपर्यंत आठ दिवस चार्ज तुम्ही घ्या. विभागीय कार्यालयाचे आठ दिवस म्हणजे काय, ते नोकरदारांना सांगायला नको. ते मार्चपर्यंत चालले.

चार्ज घेणं म्हणजे आधी कॅश मोजणं. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडं आणि दुसरी ऑफिसरकडं, आणि दोघं मिळून उघडल्याशिवाय ती उघडत नाही. म्हणून हे सगळं मला जवळून पाहायला मिळालं. बाईंनी कॅश मोजली, चिल्लरीसकट. बरोबर निघाली. मग आपण चुकून बरोबर मोजली नसेल ना, म्हणून परत मोजली. की-रजिस्टरात सही करताना त्यांचा हात थरथरत होता आणि सही नमुना-सहीशी जुळेना. काउंटरवर असत्या तर स्वतःचा चेक त्यांनी स्वतःच परत पाठवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये डोकावलो तर बाई समोरच्या, ग्राहकांच्या खुर्चीवर बसलेल्या. फायली मांडीवर. साहेबांच्या खुर्चीवर साहेबांचा टॉवेल तसाच. एवढ्यात एक शेतकरी आत आला.

“सायेब हायत काय?”

“साहेब जेवायला गेलेत,” बाई म्हणाल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते.

“मग बसतो की,” म्हणून तो शेजारच्या खुर्चीवर टेकला. अर्धा तास दोघं रिकाम्या खुर्चीकडं बघत बसले होते. त्यानं पाऊसपाण्याचं विचारलं, बाईंनी उसाच्या तोडीचं विचारलं. शेवटी शिपाईमामा व्हाउचर घेऊन आत गेले आणि म्हणाले, “मॅडम, मॅनेजरच्या जागी सही पायजे.” शेतकरी उभा राहिला. त्याला बघून बाईही उभ्या राहिल्या.

“म्हंजे तुमीच सायेब व्हय? मग जेवायला कुणाला घालवलाय?”

त्याचं काम किसान क्रेडिट कार्डाच्या नूतनीकरणाचं होतं. बाईंनी अशी शेकडो केली होती. पाच मिनिटांत झालं. त्या दुपारी मामांनी टॉवेल धुवायला म्हणून काढला आणि परत टाकलाच नाही. शाखेतला पहिला प्रशासकीय निर्णय, माझ्या मते, मामांनी घेतला.

आधीचे मॅनेजर ‘ओके आहे’ या दोन शब्दांवर शाखा चालवायचे. कागद पुढं केला की ओके आहे, गोडाऊन दाखवलं की ओके आहे. ते पुण्याला नेतृत्वविकासाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. तिथं त्यांना आरशासमोर उभं राहून ‘मी वाघ आहे’ असं म्हणायला लावलं होतं म्हणे. अशा वाघांनी दिलेल्या कर्जांचे हप्ते नव्वद दिवस थकले की खातं एनपीए होतं, आणि मग वसुलीसाठी आमच्यासारख्या शेळ्यांना पाठवतात.

हळदीचे एक बडे व्यापारी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायला आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे, तोंडात ‘ताई’. त्यांनी सगळं भराभर सांगितलं. बाई म्हणाल्या, “मला नीट कळलं नाही, परत सांगता का?” त्यांनी परत सांगितलं. पोत्यांचा आकडा थोडा बदलला. बाईंना वाटलं आपल्याच ऐकण्यात चूक झाली. “जरा सावकाश सांगा ना.” तिसऱ्यांदा आकडा आणखी बदलला. बाई डाव करत नव्हत्या, हे मी शपथेवर सांगतो. त्यांना खरंच वाटत होतं की आपल्यालाच समजत नाही.

म्हणून त्या गोडाऊन बघायला गेल्या. बरोबर मामा होते, त्यांच्याकडून कळलं ते असं. दर्शनी भिंतीवर पाटी होती की हा माल आमच्या बँकेकडं तारण आहे. आधीचे साहेब इथंच उभे राहून कोल्ड्रिंक पीत आणि ओके आहे म्हणत. बाईंनी समोरून थप्प्या मोजल्या, पण आपली मोजणी बरोबर असेल यावर विश्वास बसेना. तेव्हा ताळा बघायला म्हणून त्या मागच्या बाजूनं मोजायला गेल्या. मागच्या भिंतीवर दुसऱ्या बँकेची पाटी होती. त्याच पोत्यांवर दोन बँकांचा जीव टांगलेला!

मर्यादा वाढली नाहीच, उलट जुनी वसूल करायची धावपळ सुरू झाली. व्यापाऱ्यानं गावभर सांगितलं की त्या बाईला बँकिंगमधलं काही कळत नाही. आणि रात्री बाईंचा मला फोन. “मागची पाटी मी बरोबर वाचली असेन ना हो?”

माझं स्पष्ट मत आहे की शंका हा बँकेतल्या माणसाचा दोष नव्हे, ते त्याच्या कामाचं अवजार आहे. प्रशिक्षणवाले ती घालवायला बघतात, हेच चुकतं. घालवायची गोष्ट दुसरी आहे. शंका आहे म्हणून मागच्या बाजूला न जाता घरी बसणं, ते घालवायला हवं. बाई घाबरतच गेल्या, पण गेल्या.

बाईंचं माहेर म्हसवडकडचं. त्यामुळं माणदेशी महिला बँकेची गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या. चेतना गाला सिन्हा यांनी तिथल्या बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. चेतनाताई रडत परतल्या. गावातल्या बायकांनी मात्र त्यांनाच रडणं थांबवायला सांगितलं, दिवसभराची कामं उरकून अक्षरं गिरवली आणि काही महिन्यांनी पंधराजणी त्यांच्याबरोबर थेट रिझर्व्ह बँकेत हजर. आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशोब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांना कॅल्क्युलेटरशिवाय येतं का बघा, असं त्यांचं म्हणणं. परवाना मिळाला, १९९७ साली बँक सुरू झाली. ‘त्या किती धीट!’ असं म्हणून बाई गोष्ट संपवायच्या आणि आपण स्वतः मात्र तशा नाही, असा चेहरा करून कामाला लागायच्या.

मग ८ नोव्हेंबर आला. रात्री आठ वाजता पाचशे आणि हजारच्या नोटा बाद होणार असल्याचं जाहीर झालं, नऊ तारखेला बँका बंद राहिल्या आणि दहाला सकाळी शटर वर केलं तर रांग एसटी स्टँडपर्यंत गेलेली. देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेच्या अध्यक्षपदी तेव्हा अरुंधती भट्टाचार्य होत्या, १९७७ ला प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागलेल्या आणि २०१३ मध्ये त्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या. आमच्या रांगेतला प्रत्येक तिसरा माणूस तरीही विचारत होता, “सायेब कुठं हायत?”

पण त्या दिवसांत एक चमत्कार झाला. कुणालाच काही माहीत नव्हतं. नोटा बदलून द्यायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार, मग एकदम दोन हजार, बोटाला शाई, लग्नघरासाठी अडीच लाख, पण पत्रिका आणि कागदपत्रं दाखवून. नवी दोन हजारची नोट एटीएमच्या खणात बसेना. विभागीय कार्यालयाला माहीत नव्हतं, मुख्य कार्यालयाला माहीत नव्हतं. मला येत नाही या भावनेत बाईंनी उभा जन्म काढलेला. आता सगळा देशच त्यांच्या जागी येऊन बसला होता. सरावाचा फायदा त्यांना झाला.

रोज सकाळी त्या दारात स्टुलावर उभ्या राहून त्या दिवसाचा नियम मोठ्यानं वाचून दाखवायच्या. ज्या दिवशी दोन हजारांचा नियम आला, त्या दिवशी एकजण ओरडला, “काल साडेचार म्हणालात, म्हणजे काल खोटं बोललात?”

“काल ते खरं होतं,” बाई म्हणाल्या. रांग हसली. जे माहीत नाही ते ‘मला माहीत नाही, संध्याकाळपर्यंत कळलं तर सांगते’ असं त्या सरळ सांगायच्या, आणि संध्याकाळी खरंच सांगायच्या. टीव्हीवाल्यांना सगळं ठाऊक असायचं आणि ते दुसऱ्या दिवशी चुकायचं. आठवडाभरात लोक टीव्ही सोडून बाईंचं ऐकायला लागले.

म्हाताऱ्या माणसांचे हाल बघून बाईंनी हातानं नंबर घातलेल्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली. चिठ्ठी घ्या, शेतात जा, अमुक वाजता या. विभागीय कार्यालयानं फोन करून विचारलं की तुमच्याकडं आरडाओरडा कसा नाही? बाईंना वाटलं काहीतरी चुकलं, म्हणून घाबरत घाबरत सगळं सांगितलं. चार दिवसांनी सर्व शाखांना सर्क्युलर निघालं की ग्राहकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्याव्यात. ते आमच्याही शाखेत आलं. बाईंनी ते मन लावून वाचलं आणि मला म्हणाल्या, “बघा, वरच्यांना किती बरोबर सुचतं.”

पुढच्या प्रमोशनचा अर्ज त्यांनी भरलाच नसता. मामांनी आणि मी तो भरला, त्यांनी फक्त सही केली, आणि ती पहिल्या फटक्यात जुळली. मुलाखतीत विचारलं, तुमच्यात नेतृत्वगुण आहेत असं तुम्हाला वाटतं का? बाई म्हणाल्या, “मला सांगता येणार नाही, शाखेत विचारून सांगते.” पॅनेलला तो विनोद वाटला. निवड झाली.

बदली झाली ती कुठं, तर गडचिरोलीला. तिथं गेल्यावर बाईंनी आठवड्याभरात फोन करून कळवलं की आपल्या बँकेची तिथं शाखा एकच आहे. म्हणजे आम्ही एवढी सगळी माणसं वर्षानुवर्षं एका खुर्चीला भिऊन होतो, आणि तीही रिकामीच होती.

तुमच्या ऑफिसात प्रमोशनचं सर्क्युलर लागलं असेल, तर आज संध्याकाळी घरी जाऊन आईचे गुडघे कसे आहेत ते आईलाच विचारा. आणि अर्जाची शेवटची तारीख नीट बघून घ्या. बँकेत असाल तर ती बहुधा शनिवारची असेल, आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. अर्ज शुक्रवारीच द्या.